पाटी रंगवायला देण्याआधी: ठाणे–नवी मुंबईतल्या नव्या निसर्गोपचारकांना खुले पत्र

प्रति,
ठाणे, ऐरोली, वाशी, नेरूळ, खारघर परिसरात स्वतःचं निसर्गोपचार केंद्र उघडण्याच्या तयारीत असलेले सर्वजण

सप्रेम नमस्कार.

मी नौपाड्यात सर्वसाधारण विम्याचं काम करते. दवाखाने, पॅथॉलॉजी लॅब, फिजिओथेरपीची केंद्रं यांच्या पॉलिसी काढायच्या आणि क्लेम आला की फायली घेऊन कंपनीकडे खेटे घालायचे, हे माझं रोजचं काम. अलीकडे माझ्याकडे तुमच्यातले बरेच जण येतात. कुणी कर्नाटकातल्या उजिरे-मूडबिद्रीकडून साडेपाच वर्षांचं बीएनवायएस (निसर्गोपचार आणि योगाची पदवी) करून परतलेलं असतं, कुणी डिप्लोमा केलेला असतो, कुणी वर्षानुवर्षं योगवर्ग घेऊन आता पुढचं पाऊल टाकत असतं. गाळा ठरलेला, टाइल्स बसलेल्या, कटिस्नानाचे टब आलेले, उद्घाटनाची तारीख नातेवाइकांना कळवलेली. मग शेवटच्या आठवड्यात विम्याची आठवण होते.

हा क्रम उलटा करा, एवढं सांगायला हे पत्र लिहिते आहे. व्यावसायिक दायित्वाच्या पॉलिसीचा, म्हणजे उपचारातल्या चुकीबद्दल रुग्णाने मागितलेली भरपाई देणाऱ्या विम्याचा, प्रपोजल फॉर्म टब विकत घेण्याआधी मागवा आणि कोरा वाचून काढा. तुमची पदवी कोणती, नोंदणी कुठली, कोणते उपचार करता, मदतनीस किती आणि त्यांचं शिक्षण काय, रुग्ण रात्री राहतात का, जागा कशा प्रकारची आहे, असे प्रश्न त्यात असतात. त्यांची खरी उत्तरं लिहायला बसलात की तुमच्या केंद्राचा कायदेशीर पाया कुठे भक्कम आहे आणि कुठे पोकळ, ते घरबसल्या कळतं.

दरवाजावरची पाटी, जाहिरात, रुग्णाचा केसपेपर आणि विम्याचा फॉर्म या चार ठिकाणी तुम्ही स्वतःबद्दल एकच गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या पाहण्यात जे क्लेम बुडाले, त्यातले बहुतेक या चार कागदांचं आपसात न जुळल्यामुळे बुडाले.

सुरुवात पाटीपासून करू. महात्मा गांधींनी 1946 साली उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम काढला. पुण्यात राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. केंद्राच्या आयुष मंत्रालयाच्या नावातल्या एका अक्षरात योग आणि निसर्गोपचार आहेत. तरीही 2020 च्या भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा आहेत, निसर्गोपचार नाही. कर्नाटक आणि तामिळनाडू त्यांच्या राज्यातल्या बीएनवायएस पदवीधरांची राज्याच्या मंडळात नोंदणी करतात. महाराष्ट्रात आयुर्वेद-युनानीसाठी 1961 चा वैद्यक व्यवसायी कायदा आणि त्याखालची परिषद आहे, होमिओपॅथीची परिषद वेगळी आहे. निसर्गोपचारकाला तसं घर नाही. ही उणीव राज्यकर्त्यांनी भरून काढायला हवी आणि त्यासाठी तुमच्या संघटनांनी मागे लागलंच पाहिजे. पण ती भरली जाईपर्यंत तुम्हाला याच परिस्थितीत केंद्र चालवायचं आहे.

त्या 1961 च्या कायद्याचं कलम 33 वाचल्याशिवाय गाळ्याचं डिपॉझिट देऊ नका. नोंदणी नसताना वैद्यक व्यवसाय करण्याला या कलमात बंदी आहे आणि शिक्षा तुरुंगवासाची आहे. बोगस डॉक्टर शोधणाऱ्या समित्या गुन्हा नोंदवतात तेव्हा हेच कलम लावलं जातं. म्हणून बीएनवायएस असाल आणि दुसऱ्या राज्यात तुमची नोंदणी असेल तर ते प्रमाणपत्र, पदवी आणि इंटर्नशिपची कागदं घेऊन वैद्यकीय कायदा जाणणाऱ्या वकिलाकडे जा आणि पाटीवर काय लिहावं याचा लेखी सल्ला घ्या. तोंडी सल्ला पुढे कुठेही दाखवता येत नाही. डिप्लोमा किंवा पत्रद्वारे अभ्यासक्रम केलेल्यांना मी कळकळीनं सांगते, नावामागे ‘डॉ.’ लावू नका, गळ्यात स्टेथोस्कोप नको, रोगाचं निदान लिहून देऊ नका. आहारमार्गदर्शन, योगाभ्यास, मालिश, मातीपट्टी, जीवनशैलीचं समुपदेशन हे काम मानाचं आहे आणि या शहरांत त्याची गरज मोठी आहे. ते त्याच नावानं करा.

बीएनवायएसवाल्यांसाठीही एक कुंपण आहे. तुमचं शास्त्र औषधाविना चालतं. तरी रुग्ण म्हणतो म्हणून एखादी पित्ताची गोळी, एखादा आयुर्वेदिक काढा, कधी सलाईनसुद्धा, असं हळूहळू सुरू होतं. सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली मुंबईतल्या एका प्रकरणात होमिओपॅथीच्या डॉक्टरने अॅलोपॅथीची औषधं देणं हाच निष्काळजीपणा ठरवला. ज्या पद्धतीचं शिक्षण आणि नोंदणी नाही त्या पद्धतीनं उपचार केले की वेगळा पुरावा लागत नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. विमा कंपन्यांचीही भूमिका तीच. पात्रतेबाहेरच्या उपचाराचा क्लेम कंपनी नाकारते, आणि त्यावर भांडायला माझ्यासारखीच्या हातातही काही उरत नाही.

जाहिरातीबद्दल. घोडबंदर रोडवरच्या फलकांवर आणि इन्स्टाग्रामवर मी ‘मधुमेह मुळापासून’, ‘बीपीच्या गोळ्या कायमच्या बंद’ असली वाक्यं वाचते तेव्हा खरंच काळजी वाटते. औषधे व चमत्कारी उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा 1954 सालचा आहे आणि त्याच्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, लठ्ठपणा, संधिवात हे सगळे आहेत. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत. दंडाइतकंच वाईट म्हणजे रुग्ण ग्राहक आयोगात गेला की त्याचा वकील सगळ्यात आधी तुमची जाहिरात जोडतो. तुम्ही बरं करण्याची हमी दिली होती, हे तिथे तुमच्याच शब्दांत लिहिलेलं असतं.

आता एक प्रकरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडके ठेवते. नवी मुंबईतलं एक केंद्र, चालवणारा मुलगा मनापासून काम करणारा. पन्नाशी ओलांडलेल्या, इन्सुलिन घेणाऱ्या एक बाई रसाहाराच्या उपवासासाठी यायच्या. रसावर राहायचं तर इन्सुलिनचं प्रमाण बदलावं लागतं आणि तो निर्णय त्यांच्या डॉक्टरांनीच घ्यायचा असतो. डॉक्टरांशी बोला असं मुलाने सांगितलं होतं, पण तोंडी. साखर उतरली, बाई रेल्वे स्टेशनच्या जिन्यात कोसळल्या, खुब्याचं हाड मोडलं. घरच्यांनी नुकसानभरपाईची नोटीस पाठवली. केसपेपरवर वजन, तारीख आणि ‘रसाहार चालू’ एवढंच. पत्रकावर मधुमेहमुक्तीचं वचन. आणि विम्याच्या फॉर्मवर, दुसऱ्या एका एजंटच्या सल्ल्याने हप्ता कमी बसावा म्हणून, व्यवसायाचं वर्णन ‘योग व वेलनेस प्रशिक्षण’. कंपनीने एका पत्रात क्लेम फेटाळला. उपवास-चिकित्सा हा जोखमीचा भाग त्यांना कधी सांगितलाच नव्हता, आणि कंपनीचं म्हणणं बरोबर होतं. माझ्याकडे फाईल आली ती त्यानंतर. त्या बाईंना अजूनही काठी घेऊन चालावं लागतं आणि त्या मुलाने केंद्र बंद केलं.

म्हणून केसपेपर नीट ठेवा. पहिल्या भेटीतच रुग्ण कोणती औषधं घेतो, किती, कुणाच्या सांगण्यावरून, हे लिहून घ्या. इन्सुलिन, साखरेच्या गोळ्या, रक्तदाबाची औषधं, रक्त पातळ करणारी औषधं, गर्भारपण, हृदयविकार, किडनीचा त्रास, अपस्मार यांसाठी वेगळे रकाने ठेवा. उपवास, एनिमा, बाष्पस्नान किंवा गरम-थंड शेक देण्याआधी त्यातले धोके रुग्णाला मराठीत, त्याला समजेल अशा भाषेत लिहून द्या आणि सही घ्या. हिंदी किंवा गुजराती बोलणारा रुग्ण असेल तर त्या भाषेतला नमुना ठेवा. इंग्रजी छापील फॉर्मवर सही घेऊन संमती झाली असं समजू नका. संमती माहितीवर आधारलेली हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली स्पष्ट केलं आहे. ‘आमची कोणतीही जबाबदारी राहणार नाही’ या ओळीवर तर अजिबात विसंबू नका, निष्काळजीपणा सिद्ध झाला तर ती ओळ तुम्हाला वाचवत नाही. फॅमिली डॉक्टरला पाठवलेल्या चिठ्ठीची प्रत फाइलला लावा. आपली औषधं बंद करू नका, हे प्रत्येक केसपेपरवर छापून घ्या आणि तसंच वागा. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत साधारण दोन वर्षांची असते, उशीर माफही होऊ शकतो. माझा सल्ला पाच वर्षं नोंदी जपण्याचा आहे.

हे सगळं रुग्णासाठी आहे, ही गोष्ट मनात पक्की ठेवा. चांगला केसपेपर आधी रुग्णाला वाचवतो आणि मग तुम्हाला.

आता पॉलिसी. व्यावसायिक दायित्वाची पॉलिसी मेडिक्लेमसारखी चालत नाही आणि इथेच घोळ होतो. ती ‘क्लेम्स मेड’ तत्त्वावर असते. दावा ज्या काळात येतो त्या काळात पॉलिसी चालू असावी लागते, आणि ज्या उपचारावरून दावा आला तो ‘रिट्रोअॅक्टिव्ह डेट’नंतरचा, म्हणजे संरक्षण जिथून मोजलं जातं त्या पॉलिसीवरच्या तारखेनंतरचा, असावा लागतो. उदाहरण घ्या. 2023 च्या एप्रिलमध्ये पॉलिसी घेतली. 2024 च्या मेमध्ये उपचार केले. 2025 मध्ये हप्ता राहून गेला. 2026 च्या जानेवारीत नोटीस आली. उपचाराच्या दिवशी पॉलिसी होती, तरी हाती काही येत नाही. घाईने नवी पॉलिसी घेतली तर तिची तारीख नव्याने सुरू होते आणि मागची सगळी वर्षं उघडी पडतात. त्यामुळे एकदा सुरू केलेली पॉलिसी खंडू देऊ नका, आणि कंपनी बदलताना जुनी रिट्रोअॅक्टिव्ह तारीख पुढे चालेल असं लिहून घ्या. व्यवसाय बंद करतानाही पुढच्या दोन-तीन वर्षांच्या संरक्षणाची चौकशी करा.

पॉलिसीवर दोन रकमा असतात, एका घटनेसाठी किती आणि वर्षभरात मिळून किती. मोठा आकडा वाचून खूश होऊ नका, पहिला बघा. वकिलाचा खर्च बहुतेक पॉलिसींत त्याच रकमेतून जातो. मदतनिसांच्या हातून झालेल्या चुकीचं संरक्षण वेगळं मागावं लागतं, आणि तुमच्या केंद्रात मालिश, शेक, एनिमा बहुतांशी मदतनीसच देतात. वजन कमी करण्यासाठी औषध दिलं तर संरक्षण नाही असा अपवाद काही पॉलिसींत असतो, तो शोधून वाचा. नोटीस आली की त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा. कंपनीच्या संमतीशिवाय व्हॉट्सअॅपवर जबाबदारी कबूल करून पैसे देऊ करू नका, त्याने संरक्षण जाऊ शकतं. मात्र रुग्णाला रिक्षात घालून हॉस्पिटलात न्यायला कुणाच्या संमतीची गरज नाही. ते आधी करा.

नोंदणीच्या रकान्यात लिहायला काहीच नसेल तर? तो रकाना मोकळा सोडू नका आणि दुसऱ्या कुणाचा नंबर तर मुळीच घालू नका. ‘महाराष्ट्रात नोंदणीची सोय नाही, पदवी अमुक विद्यापीठाची, अमुक राज्यातली नोंदणी अमुक’ असं सोबतच्या पत्रात लिहा, करत असलेल्या प्रत्येक उपचाराचं नाव द्या, आणि या माहितीवर कंपनी जोखीम घेते आहे असं तिच्याकडून लेखी आणा. काही कंपन्या नाही म्हणतील. आज मिळालेला नकार पुढे क्लेम फेटाळला जाण्यापेक्षा बरा.

पाण्याच्या उपचारांत घसरून पडण्याचा धोका रोजचा. ती दुखापत व्यावसायिक दायित्वात बसेलच असं नाही, त्यासाठी सार्वजनिक दायित्वाचं संरक्षण जोडा. मदतनीस पडला तर कर्मचारी नुकसानभरपाईचा कायदा लागू होतो (नोव्हेंबर 2025 पर्यंत 1923 चा, आता सामाजिक सुरक्षा संहिता 2020), त्याची पॉलिसी वेगळी आणि हप्ता फार नसतो. वाफेचं यंत्र घेताना क्षमता विचारा. 25 लिटरपेक्षा लहान बाष्पकाला (बॉयलरला) बाष्पके कायद्यातून सूट आहे, मोठं घेतलंत तर तपासणी आणि परवाना मागे लागतो.

रुग्णांच्या मेडिक्लेमबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण यात रुग्ण फसतात आणि दोष तुमच्यावर येतो. विमा नियामकाने 2024 च्या जानेवारीत परिपत्रक काढून आयुष उपचारांना बाकी उपचारांच्या बरोबरीनं वागवा असं सांगितलं, 1 एप्रिल 2024 पासून. ते वाचून अनेक केंद्रांनी ‘मेडिक्लेम चालतो’ अशा पाट्या लावल्या. पण आयुष रुग्णालयाच्या व्याख्येत किमान 5 खाटा, चोवीस तास पात्र आयुष वैद्य, उपचारांचे वेगळे कक्ष आणि रोजच्या नोंदी लागतात. वैद्य म्हणजे परिषदेकडे नोंदणी असलेला. आणि त्याच नियामकाने 2019 साली जे ठरावीक अपवाद आखून दिले, त्यातल्या तेराव्यात हेल्थ हायड्रो (पाण्याच्या उपचारांची आरामस्थानं), नेचर क्युअर क्लिनिक, स्पा आणि तत्सम ठिकाणचे उपचार वगळले आहेत. एका हातानं आयुषला सामावून घ्यायचं आणि दुसऱ्या हातानं निसर्गोपचार केंद्राला स्पाच्या रांगेत बसवायचं, हे मला पटत नाही. तुमच्या संघटनांनी याविरुद्ध नियामकाकडे लेखी मागणी करावी. पदवीधर, नोंदणीकृत निसर्गोपचारकाने चालवलेलं रुग्णालय आणि हवापालटाचं ठिकाण यांत फरक करा, एवढी साधी ती मागणी आहे. तोवर पावती देतानाच रुग्णाला स्वच्छ सांगा की ही रक्कम मेडिक्लेममधून परत मिळेल याची खात्री नाही, आणि आपल्या कंपनीला आधी विचारून या. पंधरा दिवसांच्या उपचाराचे पैसे भरून झाल्यावर त्यांना हे कळू नये.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. दहापेक्षा कमी कामगार असतील तर 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली गुमास्त्याची नुसती सूचना पुरते. व्यवसायकराची नोंदणी करा, वर्षाला 2,500 रुपये. आरोग्यसेवेला जीएसटीतून सूट आहे आणि मान्य चिकित्सापद्धतींत निसर्गोपचार धरला जातो, पण ती सूट उपचारांना आहे. सौंदर्यासाठीचं फेशियल, विक्रीला ठेवलेला मध आणि योगाच्या चटया त्यात येत नाहीत. रस, आहाराचे डबे विकणार असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागेल. एनिमाच्या साहित्याचा कचरा घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही, 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाची अधिकृत परवानगी घ्या.

जागेचं मात्र घाईनं उरकू नका. नवी मुंबईत बहुतेक जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची असते, आणि पट्ट्यात जो वापर लिहिलाय त्याबाहेर गेलात तर सिडको, महापालिका आणि सोसायटी अशा तिघांना उत्तर द्यावं लागतं. ठाण्यात जुन्या सोसायट्यांत तळमजल्याचा फ्लॅट ‘चालतं हो’ म्हणून दिला जातो. मंजूर नकाशावर ती जागा काय आहे ते पाहा, सोसायटीचं ना हरकत पत्र घ्या, भाडेकरार नोंदवून घ्या आणि त्यात निसर्गोपचार केंद्र असा शब्द येऊ द्या. आगीच्या किंवा गळतीच्या क्लेममध्ये नुकसान तपासणारा सर्व्हेअर हीच कागदं आधी मागतो. मालिशची केंद्रं म्हटलं की शेजाऱ्यांच्या मनात शंका येते. स्त्री रुग्णाला स्त्री थेरपिस्ट, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंदवही आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती, हे पहिल्या दिवसापासून ठेवा.

येऊर किंवा कर्जतच्या बंगल्यात निवासी उपवास शिबिरं घेण्याचा मोह बहुतेकांना होतो. रुग्ण रात्री ठेवून घेतला की तुम्ही बाह्यरुग्ण केंद्र राहत नाही. 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याचा प्रश्न उभा राहतो, त्याचे नियम 2021 मध्ये कडक झाले आहेत. विम्याच्या फॉर्मवर तुम्ही ‘खाटा नाहीत’ असं लिहिलेलं असतं. शिबिर घ्यायचंच असेल तर फक्त निरोगी लोकांसाठी घ्या, औषधं चालू असलेल्यांना नम्रपणे नकार द्या, आणि कंपनीला आधी कळवा.

माझी विनंती आहे की तुमच्यातल्या पाच-दहा जणांनी एकत्र यावं. पदवीधरांनी आणि डिप्लोमाधारकांनी वेगवेगळे गट करावेत, कारण तुमची जोखीम एक नाही. प्रत्येक गटाने करत असलेल्या उपचारांची यादी आणि संमतीपत्राचा एक मराठी नमुना तयार करावा, आणि तो घेऊन दोन-तीन विमा कंपन्यांकडे समूह पॉलिसीची लेखी विचारणा करावी. एकट्या अर्जाकडे अंडररायटर, म्हणजे जोखीम घ्यायची की नाही हे ठरवणारा कंपनीचा माणूस, फारसं लक्ष देत नाही, गटाला उत्तर द्यावं लागतं. उत्तर काहीही आलं तरी त्याची प्रत आपापल्या फाइलला लावा. पॉलिसी माझ्याकडून घ्यायची गरज नाही. सही करण्याआधी फॉर्म वाचून हवा असेल तर पाटीचा मजकूर, जाहिरात आणि केसपेपरचा नमुना सोबत घेऊन या, चारही कागद शेजारी ठेवून वाचू.

आपली,
नौपाड्यातली एक विमा सल्लागार